एकच बी, चार तेले: रेपसीड तेलाची पारख

उत्तर जर्मनीत एप्रिलच्या अखेरीपासून मेपर्यंत जी शेते क्षितिजापर्यंत पिवळीधमक दिसतात, त्या रेपसीडचे, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या तेलबियेचे, तेल आमच्या घरात बऱ्याच काळापासून फोडणीला आहे. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल इथे एक तर मिळत नाही, मिळाले तर परवडत नाही, आणि सूर्यफुलाच्या तेलापेक्षा रेपसीडचे तेल मला आहाराच्या दृष्टीने उजवे वाटते. मात्र दुकानाच्या एकाच फळीवर या तेलाच्या बाटल्यांच्या किमतीत तिपटीहून अधिक फरक का असावा आणि महागडी बाटली खरोखर तेवढ्या मोलाची असते का, हा प्रश्न मला अनेक मराठी मित्रमैत्रिणींनी विचारला आहे. नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तेल तंत्रज्ञान शिकल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर चवीवरून आणि प्रक्रियेवरून, दोन्ही अंगांनी देता येईल असे वाटल्याने हे परीक्षण लिहीत आहे.

परीक्षणासाठी घेतलेली तेले चार आहेत. पहिले, सुपरमार्केटचे स्वतःच्या छापाचे साधे रिफाईंड तेल. दुसरे, श्लेस्विग-होल्श्टाइन या उत्तर जर्मन राज्यातील एका खेड्यातल्या छोट्या तेलगिरणीचे थंड दाबाने काढलेले, न शुद्ध केलेले तेल. तिसरे, साल काढलेल्या बियांचे, म्हणजे केवळ गराचे तेल. आणि चौथे, रेपसीडच्याच कुळातल्या मोहरीचे आपल्याकडचे कच्ची घानी तेल, जे तुलनेसाठी आवश्यक आहे. माझा निर्णय आधीच सांगते. फोडणी आणि तळणासाठी रिफाईंड तेल पूर्णपणे योग्य आहे आणि त्याच्याविषयीची भीती बरीचशी निराधार आहे. कच्चे खाण्यासाठी थंड दाबाचे तेल उत्तम, पण बी निरोगी असेल तरच. बी बिघडलेले असेल तर हेच तेल चौघांत सर्वांत वाईट ठरते. गराचे तेल चवीला सर्वांत विश्वासार्ह आणि किमतीला सर्वांत चढे आहे.

तेल काढण्याच्या पद्धतीने काय बदलते हे समजण्यासाठी आधी बी पाहावे लागते. रेपसीडचे बी गोल, काळसर आणि साधारण दोन मिलिमीटर व्यासाचे असते. मोहरीच्या डब्यात पडले तर चटकन ओळखू येणार नाही. त्याच्या वजनाच्या ४० ते ४५ टक्के तेल असते. हे तेल गराच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात साठलेले असते आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनयुक्त पातळ आवरण असते. पेशीची भिंत फुटल्याशिवाय आणि हे आवरण तुटल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. बियांत एकूण तेल किती हे प्रयोगशाळेत सॉक्सलेट उपकरणाने मोजतात. १८७९ मध्ये फ्रांत्स फॉन सॉक्सलेट या रसायनशास्त्रज्ञाने दुधातील स्निग्धांश मोजण्याच्या निमित्ताने वर्णन केलेले हे काचेचे उपकरण आम्हीही विद्यार्थिदशेत तासन्‌तास चालवले आहे. त्यात द्रावक पुन:पुन्हा बियांच्या भरडीतून फिरत राहतो आणि शेवटी जवळपास सगळे तेल सोबत घेऊन येतो. गिरणीत मात्र तेवढा संयम आणि तेवढा द्रावक परवडत नाही, त्यामुळे प्रत्येक पद्धतीत काही तेल पेंडीत मागे राहते. ते किती राहते यावरच बाटलीच्या किमतीचा मोठा भाग ठरतो.

हा हिशेब एकदा आकड्यांत मांडणे उपयोगाचे आहे. १०० किलो बियांत ४२ किलो तेल आहे असे धरले, तर उरलेला भाग ५८ किलोंचा होतो. छोट्या गिरणीच्या थंड दाबानंतर पेंडीत साधारण १२ ते १८ टक्के तेल राहते. पेंडीत १२ टक्के तेल राहिले तर हाती येते सुमारे ३४ किलो तेल; १५ टक्के राहिले तर ३२ किलोंच्या आत-बाहेर; १८ टक्के राहिले तर फक्त २९ किलोंच्या आसपास. बिया आधी गरम करून जोरकस दाब दिला, तर पेंडीत पाच ते आठ टक्केच तेल उरते आणि उतारा ३७-३९ किलोंपर्यंत जातो. आणि दाबानंतर हेक्झेन या पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या द्रावकाने पेंड धुतली तर तिच्यात एक टक्क्याच्या आसपास तेल राहते, म्हणजे ४२ पैकी ४१ किलोंहून थोडे जास्त तेल हाती लागते. त्याच शेतातल्या, त्याच पोत्यातल्या बियांपासून एकाला ३२ किलो आणि दुसऱ्याला ४१ किलो तेल मिळत असेल, तर पहिल्याची बाटली महाग असण्यात कोणतीही लबाडी नाही. ग्राहक पेंडीत सोडून दिलेल्या तेलाचेही पैसे देत असतो. छोट्या गिरणीला त्यातले थोडे परत मिळते, कारण तेलकट पेंड गाईंच्या खुराकाला चांगली चालते, पण पेंडीचा भाव तेलाच्या भावाची बरोबरी करत नाही.

आता सुपरमार्केटच्या बाटलीकडे वळू. हे तेल हॅम्बुर्ग किंवा मानहाइमसारख्या नदीकाठच्या मोठ्या कारखान्यांत तयार होते, जिथे बी जहाजाने येते. तेथे बिया आधी रोलरखाली चिरडून चपट्या करतात, मग उंच कुकरमध्ये ८० ते १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. या तापवण्याने पेशी सैल होतात, तेल पातळ होते, आणि मायरोसिनेज नावाचे विकर (एन्झाइम) निष्क्रिय होते. हे विकर जिवंत राहिले तर ते बियांतील गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट तोडते आणि त्याचे उग्र तुकडे तेलात उतरतात, म्हणून मोठा कारखानदार सर्वांत आधी त्याचाच बंदोबस्त करतो. त्यानंतर मोठ्या एक्स्पेलरमध्ये, म्हणजे स्क्रूने दाबणाऱ्या यंत्रात, पहिला दाब दिला जातो, पण मुद्दाम अर्धाच. पेंडीत १६ ते २० टक्के तेल शिल्लक ठेवतात, कारण पुढचे काम हेक्झेन अधिक स्वस्तात करते. हेक्झेन ६९ अंशांच्या सुमारास उकळते, त्यामुळे तेलातून ते वाफेने उडवून पुन्हा वापरता येते. युरोपीय महासंघात खाद्यतेलात उरणाऱ्या हेक्झेनची मर्यादा किलोमागे एक मिलिग्रॅम आहे आणि पुढच्या टप्प्यांतल्या तापमानात ते टिकणे अवघड असते. रिफाईंड तेलात पेट्रोल असते, ही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी भीती मी म्हणूनच गंभीरपणे घेत नाही.

मात्र उष्णता आणि द्रावक यांनी तेलासोबत आणखीही बरेच काही बाहेर येते. फॉस्फोलिपिड, हरितद्रव्य, मुक्त स्निग्धाम्ले, रंगद्रव्ये आणि वास हे सगळे कच्च्या तेलात असते. ते काढण्यासाठी डिगमिंग (फॉस्फोलिपिडसारखे चिकट पदार्थ काढणे), न्यूट्रलायझेशन (मुक्त आम्ले काढणे), सक्रिय मातीने ब्लीचिंग, आणि शेवटी निर्वात अवस्थेत दोनशे अंशांच्या बऱ्याच वर वाफ सोडून वास घालवणे असे टप्पे लागतात. शेवटच्या टप्प्यात ई जीवनसत्त्वाचा आणि वनस्पतिज स्टेरॉलचा काही भाग जातो, आणि अति उष्णतेत अल्प प्रमाणात ट्रान्स स्निग्धाम्लेही तयार होतात. त्याच टप्प्यांत कीटकनाशकांचे अंश आणि इतर नको ते पदार्थही निघून जातात, ही गोष्ट जमेच्या बाजूला लिहायला हवी. एक बाब सर्वसामान्य समजुतीच्या उलट आहे: गरम दाबाने आणि द्रावकाने काढलेल्या कच्च्या तेलात ई जीवनसत्त्व आणि स्टेरॉल थंड दाबाच्या तेलापेक्षा कमी नसतात, अनेकदा थोडे अधिकच असतात, कारण उष्णतेने पेशी अधिक उघडतात. तोटा होतो तो काढताना नव्हे, नंतर शुद्ध करताना.

स्वयंपाकघरात या बाटलीने मला कधी दगा दिलेला नाही. तेलाला रंग फिकट पिवळा, वास जवळजवळ नाही, चव नाही. मोहरी तडतडण्याइतके तापवले तरी धूर होत नाही, हिंग-हळदीची फोडणी स्वच्छ बसते, वडे आणि शेव तळताना तेल लवकर फेसाळत नाही. पण एकच तेल पुन:पुन्हा तळायला वापरले की त्याला माशासारखा वास येऊ लागतो, आणि हा दोष रिफाईंड करण्याचा नसून रेपसीडचा आहे, कारण त्यात सुमारे दहा टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतिज ओमेगा-३, असते आणि ते उष्णतेत लवकर बिघडते. दिवाळीचे तळण करायचे असेल तर ताजी बाटली घ्यावी आणि उरलेले तेल पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

ज्या मुद्द्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते तो इथेच सांगते. तेल कोणत्याही पद्धतीने काढले तरी त्यातील स्निग्धाम्लांचे प्रमाण जवळपास तेच राहते. रेपसीडमध्ये साधारण ६० टक्के ओलेइक, २० टक्के लिनोलेइक, १० टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल आणि सुमारे सात टक्के संपृक्त स्निग्धाम्ले असतात. स्वस्त बाटलीतही आणि महाग बाटलीतही. हे प्रमाण वाण ठरवते, गिरणी नव्हे. १९७० च्या दशकापूर्वीच्या रेपसीडमध्ये एरुसिक आम्ल हे शंकास्पद मानले जाणारे स्निग्धाम्ल ४० टक्क्यांहून अधिक असे. कॅनडात बाल्डुर स्टेफान्सन आणि कीथ डाउनी यांच्या पैदास कार्यातून एरुसिक आम्ल आणि ग्लुकोसिनोलेट दोन्ही कमी असलेले वाण तयार झाले, १९७४ मध्ये ‘टॉवर’ हे त्यातले पहिले वाण आले आणि पुढे अशा तेलाला कॅनोला हे नाव पडले. जर्मनीतला आजचा खाद्य रेपसीड याच प्रकारचा आहे. त्यामुळे हृदयासाठी चांगले म्हणून कोणी थंड दाबाचे तेल घेत असेल, तर त्या मुख्य कारणासाठी रिफाईंड तेलही तेवढेच काम करते. पद्धतीने बदलतात त्या अल्प प्रमाणातल्या गोष्टी: वास, रंग, कडवटपणा, प्रतिऑक्सिडक (अँटिऑक्सिडंट) आणि टिकाऊपणा. चवीने खाणाऱ्यासाठी याच गोष्टी सर्वस्व असतात, म्हणून पुढचे परीक्षण त्यांचेच आहे.

होल्श्टाइनमधल्या ज्या गिरणीचे तेल मी घेते, ती एका शेतकरी कुटुंबाच्या जुन्या गोठ्यात चालते आणि तिथे दाराशीच तेल विकत मिळते. आत हाताच्या लांबीचा एक स्क्रू प्रेस आहे. वरच्या नरसाळ्यातून बी आपोआप उतरते, स्क्रू ते पुढे रेटत नेतो, बाजूच्या बारीक छिद्रांतून तेल पाझरते आणि टोकाच्या तोटीतून पेंड पेन्सिलीच्या जाडीच्या काळपट कांड्यांच्या रूपात बाहेर येऊन आपोआप तुटून पडते. ताजी कांडी हाताला कोमट लागते, तेलही कोमट असते. हे ताजे तेल गढूळ, मातकट पिवळे दिसते. ते टाकीत काही दिवस निवळू देतात, गाळ खाली बसला की वरचे तेल कापडी गाळणीतून काढतात. याशिवाय त्याच्यावर काहीही केले जात नाही.

या साध्या यंत्रात उतारा आणि गुणवत्ता यांची ओढाताण स्पष्ट दिसते. तोटीचे छिद्र बारीक केले आणि स्क्रूची गती कमी ठेवली की दाब वाढतो आणि अधिक तेल निघते, पण त्याबरोबर यंत्राच्या टोकाशी उष्णता वाढते आणि फॉस्फोलिपिडसारखे पदार्थही अधिक उतरतात. तोटी मोठी आणि गती जास्त ठेवली की तासाला जास्त बी भरडले जाते, तेल थंड राहते, पण पेंड तेलकट जाते. बियांतील ओलावाही असाच महत्त्वाचा आहे: तो सहा-सात टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. बी फार कोरडे असेल तर यंत्र तापते आणि पेंडीची भुकटी तेलात येते. बी ओलसर असेल तर ते स्क्रूत लगद्यासारखे घसरते आणि दाबच बसत नाही. थंड दाब म्हणजे यंत्राला बाहेरून उष्णता न देणे. घर्षणाची उष्णता होतेच, आणि ती आवरण्यात चालवणाऱ्याचे कसब असते. गिरणीच्या मालकांनी मला तोटी बदलून दोन्ही प्रकारचे तेल शेजारी-शेजारी चाखायला दिले, आणि बारीक तोटीच्या तेलात घशाशी जाणवणारी किंचित तुरट छटा मला स्पष्ट जाणवली. त्यांनी उतारा सोडून मोठी तोटी ठेवली आहे, आणि त्या निर्णयाबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

जुलैच्या कापणीनंतरच्या ताज्या बियांपासून काढलेल्या या तेलाची चव मी अनेक प्रकारे पाहिली. रंग गडद सोनेरी, प्रकाशात धरले तर हिरवट झाक नाही. हिरवट झाक असती तर कच्ची बी मिसळली आहे हे कळले असते, कारण कच्च्या बियांतले हरितद्रव्य तेलात उतरते. वास आधी वाळलेल्या गवताचा, मग कच्च्या अक्रोडाचा, आणि अगदी शेवटी चिरलेल्या कोबीच्या देठाचा. विदर्भातल्या आमच्या घरी ज्वारीच्या भाकरीवर तिखट-मीठ आणि कच्चे तेल घेण्याची पद्धत आहे, आणि तिथे जवसाचे तेल आवडीने घेतात. त्या जागी हे तेल घेतले तर ते जवसाइतके कडवट नाही, शेंगदाण्याइतके गोड नाही, पण तिखटाला छान धरून राहते. झुणक्यावर वरून घातलेली एक चमचाभर धार मला सर्वांत आवडली. काकडीच्या कोशिंबिरीत आणि मुगाच्या कोरड्या उसळीवरही ते शोभते. फोडणीला मात्र हे तेल वापरू नये. रिफाईंड तेलाच्या कितीतरी आधी ते धूर सोडते, तोवर त्याचा गवती सुगंध निघून जातो आणि मागे जळका वास उरतो. ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच वाया जाते.

याच गिरणीची मला तक्रारही आहे. एका वसंतात घेतलेली बाटली उघडताच कुबट वास आला. ओल्या गोणपाटाचा किंवा बंद कोठाराचा असतो तसा. चव कडवट आणि जिभेवर रेंगाळणारी होती. त्या बाटलीवरही थंड दाब, न शुद्ध केलेले, आपल्याच परिसरातील बी, हे सगळे शब्द होते आणि ते खरेही होते. बिघाड दाबण्यात नव्हता, साठवणीत होता. कापणीच्या वेळी पाऊस झाला, बी नऊ टक्क्यांहून अधिक ओलाव्याने कोठारात गेले आणि वेळेवर वाळवले नाही, तर ढीग आतून तापतो, सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा वास बियांच्या तेलात उतरतो. रिफाईंड कारखान्यात असा वास डिओडरायझरमध्ये, म्हणजे वाफेने वास घालवण्याच्या टप्प्यात, निघून जातो. थंड दाबाच्या तेलाला मात्र असा दुसरा मौका नसतो. बियांत जे असेल ते सगळे बाटलीत येते. गिरणीने बाटली बदलून दिली आणि त्या कोठ्यातले तेल विक्रीतून काढले हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे, पण दाब देण्यापूर्वी मूठभर बी चुरडून हुंगले असते तर ते तेल निघालेच नसते.

कडवटपणाबाबत एक वेगळी गोष्ट. थंड दाबाच्या रेपसीड तेलातली कडू चव कोणत्या पदार्थामुळे येते हे बरीच वर्षे स्पष्ट नव्हते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की केम्फेरॉल या फ्लॅव्होनॉइडचे एक संयुग त्याला मुख्यतः जबाबदार आहे. म्हणजे कडवटपणा नेहमी खवटपणामुळेच येतो असे नाही. खवट तेलाला जुन्या खोबऱ्याचा किंवा रंगाच्या डब्याचा वास येतो. हा कडवटपणा वास चांगला असतानाही असू शकतो. तेल चाखताना आधी वास आणि मग चव वेगवेगळी पारखण्याची सवय लावली, तर दोष कुठला हे ओळखणे सोपे जाते.

गराचे तेल या दोन्ही अडचणींवर उत्तर म्हणून तयार होते. बियांच्या वजनाचा साधारण सहावा भाग साल असते, आणि हरितद्रव्य, मेण आणि तुरट पदार्थ यांचा बराचसा वाटा सालीत असतो. बी हलकेच फोडून साल वाऱ्याने उडवली आणि फक्त गर दाबला, तर तेल मऊ, बदामासारखे आणि स्वच्छ पिवळे येते. मात्र यात तांत्रिक अडचण आहे. सालीचे तंतू दाबाखाली तेलाला बाहेर पडण्यासाठी वाटा मोकळ्या ठेवतात. साल पूर्ण काढली की गराचा नुसता लगदा होतो आणि तेल त्यातच अडकते. म्हणून गिरण्या थोडी साल परत मिसळतात, तरीही उतारा कमीच राहतो. शिवाय सालीला चिकटून गेलेल्या गराचे तेल वेगळे जाते. किंमत वाढते ती यामुळे. मी घेतलेल्या तिन्ही हंगामांच्या बाटल्यांची चव सारखी होती, हे थंड दाबाच्या साध्या तेलाबाबत म्हणता येत नाही. पण झुणक्यावर ते मला जरा जास्तच सौम्य वाटले. ज्यांना रेपसीडचा गवती वास नको असेल, त्यांनी हेच घ्यावे. दुकानात थंड दाबानंतर वाफेने धुतलेले तेलही मिळते. ते कुबट बीसुद्धा लपवू शकते म्हणून मी घेत नाही.

आता कच्ची घानी. युरोपातल्या भारतीय दुकानांत मोहरीच्या तेलाची बाटली मिळते, पण तिच्यावर फक्त बाह्य वापरासाठी असे छापलेले असते, कारण भारतीय मोहरीच्या तेलात एरुसिक आम्ल ४० टक्क्यांच्या घरात असते आणि इथली मर्यादा मोहरीच्या तेलासाठी किलोमागे ५० ग्रॅम, म्हणजे पाच टक्के आहे. १९७० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांत जास्त एरुसिक आम्लाने हृदयाच्या स्नायूत चरबी साठताना दिसली, तेव्हापासून ही सावधगिरी आली. उत्तर आणि पूर्व भारतात पिढ्यान्‌पिढ्या हेच तेल खाल्ले जाते, आणि त्या स्वयंपाकाची चव त्याच्याशिवाय होत नाही हेही तितकेच खरे. माझे मत या तेलाविषयी भारतात असताना बनले आहे आणि ते चांगले आहे.

इथे जी रासायनिक क्रिया हॅम्बुर्गचा कारखाना सर्वांत आधी बंद पाडतो, तीच घानीवाला मुद्दाम जागी करतो. बैलाच्या किंवा विजेच्या घाण्यात मोहरीवर थोडे पाणी शिंपडले जाते. पाणी मिळाले की मायरोसिनेज विकर मोहरीतल्या सिनिग्रिन या ग्लुकोसिनोलेटवर काम करते आणि अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट हे नाकात चढणारे द्रव्य तयार होते. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरीची डाळ पाणी घालून फेसताना नाकात जो झणका जातो, तो याच क्रियेचा. कोरडी मोहरी कितीही कुटली तरी तो येत नाही. म्हणूनच अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत कच्ची घानी तेलात हे सुगंधी द्रव्य ०.२५ ते ०.६० टक्के असावे अशी अट आहे. घाण्याचा दाब कमी असल्याने पेंडीत बरेच तेल राहते, आणि ती पेंड पुढे सॉल्व्हंट कारखान्यात जाते. घानीने सोडलेले तेल हेक्झेनने गोळा होऊन दुसऱ्याच नावाने बाजारात येते. पक्की घानी म्हणून जे विकले जाते ते गरम एक्स्पेलरचे तेल असते आणि त्यात हा झणका कमी असतो. भेसळीचा प्रश्न इथे गंभीर आहे. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरी तेलाने जलोदराची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. मोहरीच्या तेलात इतर खाद्यतेल मिसळून विकण्याची परवानगीही ८ जून २०२१ पासून भारतात बंद झाली आहे. उग्र वास भेसळ लपवायला उपयोगी पडतो, त्यामुळे भारतात हे तेल घेताना सुटे न घेता अ‍ॅगमार्कचे सीलबंदच घ्यावे.

बी भाजून दाबण्याची पद्धतही आहे, आणि तिचा उल्लेख केला नाही तर हे परीक्षण अपुरे राहील. चीनच्या सिचुआन प्रांतात भाजलेल्या रेपसीडचे गडद, खमंग तेल घरोघरी वापरतात. भाजल्याने पेशी फुटतात, उतारा वाढतो, आणि बियांतील सिनॅपिक आम्लापासून कॅनोलॉल नावाचा चांगला प्रतिऑक्सिडक तयार होतो, त्यामुळे तेल अधिक टिकते. मला हे तेल एका चिनी दुकानात मिळाले आणि वांग्याच्या भाजीला ते अप्रतिम लागले. दाण्याच्या कुटाच्या शेजारी त्याचा खमंगपणा बसतो. उच्च दाबाच्या कार्बन डायऑक्साइडने तेल काढण्याची पद्धत संशोधनात बरीच चर्चिली जाते, तिच्यात द्रावकाचा अंश उरत नाही आणि उताराही चांगला येतो, पण शेकडो पट वातावरणीय दाब सांभाळणारी यंत्रसामग्री इतक्या स्वस्त बियांसाठी परवडत नाही, म्हणून अशी बाटली मला दुकानात आढळलेली नाही.

खरेदी करताना मी काय पाहते ते सांगते. थंड दाबाच्या तेलाची बाटली गडद काचेची असावी. पारदर्शक बाटलीत ठेवलेले तेल, ते कितीही निगुतीने काढलेले असो, दुकानाच्या दिव्याखाली लवकर खवट होते, कारण त्यातले हरितद्रव्य प्रकाशात ऑक्सिडीकरणाला चालना देते. बाटली लहान, अर्ध्या लिटरची घ्यावी, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी आणि सहा ते आठ आठवड्यांत संपवावी. शक्य असेल तर कापणीनंतरच्या शरद ऋतूत काढलेले तेल घ्यावे. गिरणीच्या दाराशी तेल घेत असाल तर चव पाहू द्या म्हणून सांगावे. चांगल्या गिरणीवाल्याला त्याचा राग येत नाही. मी ज्या गिरणीतून घेते, त्यांच्या बाटलीवर फक्त वापराची अंतिम तारीख असते, दाब दिल्याची तारीख आणि कापणीचे वर्ष नसते. ते छापावे अशी विनंती मी त्यांना लेखी केली आहे, कारण न शुद्ध केलेल्या तेलात ग्राहकाला सर्वांत उपयोगी पडणारी माहिती तीच आहे. तोवर त्यांच्या तेलाला माझी शिफारस शरद ऋतूत नि:शंक आणि वसंतात चाखूनच, अशी राहील. आणि रोजच्या फोडणीसाठी स्वयंपाकघरात सुपरमार्केटचे रिफाईंड तेलच राहील.